फळांचे गोड पदार्थ खरोखर हलके व्हावेत, यासाठी पाककृती वजनासह छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळा सरतानाची, संत्री नागपुरातील कळमन्याच्या बाजारात येऊ लागली की आपल्यासह सर्वच मराठी दैनिकांच्या पुरवण्यांमध्ये संत्र्याचा केक, संत्र्याची खीर, सीताफळाची रबडी अशा पाककृती दिसू लागतात आणि त्यांच्या मथळ्यात ‘पौष्टिक’, ‘हलके’ किंवा ‘साखरेविना’ यांपैकी एखादा शब्द हमखास असतो. मी धरमपेठेत राहते आणि परिसरातील महिलांसाठी घरगुती बेकिंगचे व गोड पदार्थांचे छोटे वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्या मैत्रिणी ही कात्रणे सोबत आणतात, त्यामुळे मला त्या कृती बारकाईने वाचाव्या लागतात. त्यांपैकी बहुतेक कृतींमध्ये फळ शोभेपुरते असते, साखर आणि लोणी पूर्वीइतकेच असते आणि हलकेपणा फक्त मथळ्यात उरतो, हे मला खेदाने नमूद करावेसे वाटते. पदार्थात गोडी, ओलावा आणि सुगंध आणण्याचे काम फळावर सोपवले, तर साखर आणि तूप दोन्ही निश्चितपणे कमी करता येतात. मात्र त्यासाठी प्रत्येक जिन्नस वजनाने सांगितला गेला पाहिजे आणि ते फळ उष्णतेला, दुधाला व आंबटपणाला कसे वागते, हे कृतीतच लिहिलेले असले पाहिजे. आपल्या दैनिकाने हा पायंडा पाडावा, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सुचवले की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली नेता आली तर अधिक चांगले. दिवसाला २,००० कॅलरींचा आहार धरला तर पहिली मर्यादा ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२ चमचे साखरेची होते. आता आपल्या घरच्या श्रीखंडाचा हिशोब करून पाहावा. चक्क्याइतकीच साखर घालण्याची जुनी रीत पाळली, तर १०० ग्रॅमच्या एका वाटीत ५० ग्रॅम साखर येते आणि दिवसाची सगळी मर्यादा त्या एका वाटीत संपते. सणाच्या दिवशी एक वाटी श्रीखंड खाऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु आता वाढदिवस, किटी पार्टी, शाळेतले निरोपसमारंभ, कार्यालयातली बढती अशा प्रत्येक निमित्ताने गोड येते, आणि रोजच्या चहाबरोबर बिस्किट किंवा केकचा तुकडा असतोच. सणाचे प्रमाण रोजच्या पदार्थाला लागू करणे परवडणारे नाही.

‘साखरेविना’ या मथळ्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून मधुमेही माणसे दोन तुकडे जास्त खातात. साखरेच्या जागी तेवढाच गूळ घातला तर चव बदलते, रंग खुलतो, थोडी खनिजे मिळतात. पण गुळात बहुतांश साखरच असते आणि उष्मांकात फारसा फरक पडत नाही. मधाचेही तेच आहे. खजूर आणि मनुका ही फळेच आहेत, त्यांत तंतुमय भाग आहे, तरीही वाळलेल्या अवस्थेत त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असते, त्यामुळे खजुराची वडी ‘साखर न घातलेली’ असू शकते, ‘साखर नसलेली’ असू शकत नाही. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या आणि पुड्या वापरून वजन आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला आहे. मग उरतो तो एकच सरळ मार्ग: एकूण गोडाचे प्रमाणच कमी करणे आणि पूर्ण, ताज्या फळाचा वाटा वाढवणे.

केकमधली साखर कमी करताना ती तिथे काय काय करते, हे ठाऊक असावे लागते. ती गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ती मैद्यातल्या चिकट जाळ्याला घट्ट होऊ देत नाही म्हणून तुकडा नाजूक होतो. लोण्याबरोबर फेसताना ती हवा अडकवते आणि भाजताना वरचा तांबूस रंगही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच येतो. म्हणून एखाद्या कृतीतली साखर सरळ निम्मी केली की केक फिका, कोरडा आणि दडस होतो व घरची मंडळी ‘हलका केक नकोच’ असे म्हणून मोकळी होतात. नेहमीच्या कृतीतून पाव ते एक तृतीयांश साखर काढली तर सहसा काहीही बिघडत नाही. त्याहून पुढे जायचे असेल, तर तिचे पाणी धरण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते, आणि इथेच पिकलेल्या केळ्याचा, शिजवलेल्या सफरचंदाचा किंवा पेरूचा गर उपयोगी पडतो. असा गर घातला की लोणीही जवळजवळ निम्मे कमी करता येते. सगळे लोणी काढून टाकू नये, केक रबरासारखा होतो.

आता आपल्या संत्र्याविषयी. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातून वर्षात दोनदा आपल्याकडे येते, पावसाळा सरताना आंबिया बहाराचे आणि हिवाळ्याच्या अखेरीस मृग बहाराचे. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. एवढे असूनही नागपुरात संत्र्याचा गोड पदार्थ म्हटला की दुकानातली बर्फी आठवते, आणि घरी करायचा झाला तर बाटलीतला केशरी रंग व इसेन्स काढला जातो. लहान आकाराच्या संत्र्याला बाजारात भाव मिळत नाही म्हणून शेतकरी हवालदिल असतो आणि त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात संत्र्याच्या नावाने इसेन्सचे थेंब मोजले जातात, ही गोष्ट मला फार लागते. गोड पदार्थाला लहान फळ तितकेच चांगले चालते.

या फळाचा एक स्वभाव मात्र कोणत्याही छापील कृतीत मला आढळला नाही. नागपुरी संत्र्याचा रस उकळला किंवा काढून बराच वेळ ठेवला, तर तो कडू होतो. फळात असताना चवीला न जाणवणारा एक घटक रसातल्या आंबटपणाच्या संगतीत हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो, उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, आणि हा घटक बियांमध्ये व फोडींच्या पापुद्र्यात अधिक असतो. म्हणून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवलेला आणि मग आटवलेला रस कितीही साखर घातली तरी घशाशी कडवट लागतो, आणि ती कडवट चव झाकण्यासाठी आणखी साखर ओतली जाते. यावर उपाय साधा आहे. संत्रे आडवे कापावे, बिया काढाव्यात, हाताने हलकेच पिळून रस लगेच वापरावा आणि तो आटवू नये. सुगंधासाठी रसावर अवलंबून राहूच नये. सुगंध सालीच्या केशरी थरातल्या तेलात असतो. साल कोमट पाण्याने चोळून धुवावी, कारण फळावर कधी मेणाचा थर दिलेला असतो, आणि बारीक किसणीवर फक्त केशरी भाग किसावा. खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. हा कीस साखरेत बोटांनी दोन मिनिटे चोळला, तर तेल साखरेत उतरते आणि केकचा वास सगळ्या घरात पसरतो. वास भरपूर असला की तोंडाला गोडीही जास्त जाणवते, आणि म्हणूनच वेलची, दालचिनी, जायफळ यांना हलक्या गोडात फार महत्त्व आहे.

नमुना म्हणून एक प्रमाण देते. कणीक १०० ग्रॅम आणि मैदा ८० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, तेल ६० मिलिलीटर, फार आंबट नसलेले घट्ट दही १५० ग्रॅम, ताजा संत्र्याचा रस ८० मिलिलीटर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. दही आणि रस यांच्या आंबटपणामुळे सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून ओले आणि कोरडे जिन्नस शेवटी एकत्र करावेत, फार घोटू नये आणि मिश्रण ताबडतोब १७५ अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे. ३५ ते ४० मिनिटांत सुई कोरडी निघते. याचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात वरून घातलेली साखर ११ ग्रॅम येते आणि रसातली धरली तर सुमारे १२. ढोबळ हिशोबाने एक तुकडा १७० कॅलरींचा होतो. लोण्याचे क्रीम लावायचे म्हटले, तर त्यात लोण्याच्या दुप्पट पिठीसाखर लागते आणि वर सांगितलेला सगळा हिशोब त्या एका थराखाली गाडला जातो. त्याऐवजी चक्का थोडा फेटून वर पसरावा आणि पापुद्रा काढलेल्या संत्र्याच्या फोडी वाढतेवेळी मांडाव्यात. फोडींची ही साफसफाई वेळखाऊ आहे, हे मान्य आहे. नागपुरी संत्र्याला बिया भरपूर असतात. पण मुलांना हे काम फार आवडते, असा वर्गातल्या अनेकींचा अनुभव आहे.

संत्र्याची खीर करताना दूध फाटते, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. गरम दुधात आंबट फळ पडले की ते फाटणारच. दूध आटवून फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे, फोडीही गार असाव्यात आणि दोन्ही वाढण्याच्या थोडेच आधी एकत्र करावेत. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे थंडगार चाखून साखर वाढवण्याचा मोह होतो; ती खीर वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर ठेवली, तर तेवढ्याच साखरेत ती गोड लागते.

सीताफळाच्या बाबतीत तर साखरेची गरजच नसते. विदर्भाच्या जंगलपट्ट्यातले लहान, रवाळ सीताफळ इतके गोड असते की एक लिटर दूध आटवून दोन तृतीयांश केले आणि त्यात तीन-चार फळांचा गर मिसळला की पुरेसे होते. इथेही एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे सीताफळाचा गर गरम करू नये, तो कडवट होतो. बासुंदी उकळत असताना गर घालायला सांगणाऱ्या कृती मी छापील स्वरूपात वाचल्या आहेत. अननसाचे याच्या उलट आहे. न शिजवलेल्या अननसात आणि पपईत प्रथिने तोडणारे घटक असतात, त्यामुळे ते दही, दूध किंवा चक्क्यात घालून ठेवले तर मिश्रण पातळ आणि कडू होते. अननस आधी पाच-सात मिनिटे शिजवून घेतला की हा त्रास राहत नाही. कोणते फळ शिजवायचे आणि कोणते मुळीच शिजवायचे नाही, ही एक ओळ कृतीत असली, तर किती जणींचे दूध आणि कष्ट वाचतील!

केळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते काम सर्वांना जमते. साल काळी पडलेली केळी टाकून देऊ नयेत, पिकताना त्यांच्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते आणि तीच केकला हवी असते. पेरू मात्र आपल्याकडे दुर्लक्षित राहिला आहे. बिया काढून, दालचिनी घालून शिजवलेला पेरू त्यातल्या पेक्टिनमुळे आपोआप दाटसर होतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. त्यावर ज्वारीचे पीठ, थोडे तूप आणि दोन चमचे गूळ यांचा भुगा पसरून भाजला, तर हिवाळ्याच्या संध्याकाळी याहून चांगले काही नसावे. ज्वारीची खमंग चव विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको.

फळ घालून गोड करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, हेही या निमित्ताने लक्षात आणून द्यावेसे वाटते. महाशिवरात्रीला कवठाचा गर गूळ घालून कालवला जातो. कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, बोंडे घरोघरी होतात. शिजवलेले कोहळे, गूळ, कणीक आणि वेलची यांचे तेच मिश्रण कढईत तळण्याऐवजी आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून केले, तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ होतात आणि तेलाचा मोठा वाटा वाचतो. कोहळे चांगले पिकलेले असेल, तर गूळही नेहमीपेक्षा कमी पुरतो. पुरवण्यांमध्ये ब्लूबेरी आणि अॅव्होकॅडोच्या कृती अवश्य असाव्यात, पण त्यांच्या बरोबरीने कवठ, बोर, पेरू आणि कोहळे यांनाही जागा मिळावी. ही फळे गोकुळपेठेच्या बाजारात सहज मिळतात आणि कोणाच्याही खिशाला परवडतात.

एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा ओव्हन लावण्याची कोणाचीच इच्छा नसते, आणि तसे करूही नये. ते दिवस टरबूज, डांगर (खरबूज) आणि आंब्याचे. अर्धा किलो चक्का, ३०० ग्रॅम दाट आमरस आणि १०० ग्रॅम साखर यांचे आम्रखंड केले, तर १०० ग्रॅमच्या वाटीत घातलेली साखर सुमारे ११ ग्रॅम होते. वर सांगितलेल्या श्रीखंडाशी ही तुलना करून पाहावी. फळांची जेली करायची असेल, तर या हवेत चायना ग्रास (अगर-अगर) फार उपयोगाचे. जिलेटिनची जेली उन्हाळ्यात टेबलावर ठेवल्याठेवल्या वितळू लागते, तर चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांना गोठते आणि एकदा गोठले की ८० अंशांच्या वर तापवल्याशिवाय वितळत नाही. ते पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे, आच बंद करावी, वाफ कमी झाली की त्यात फ्रिजबाहेर काढून ठेवलेला फळांचा रस आणि तुकडे मिसळावेत. रस बर्फासारखा थंड असला, तर गाठी होतात. या पद्धतीत रस उकळला जात नसल्याने त्याचा ताजेपणाही टिकतो.

ओव्हन नसलेल्या घरांचा विचारही कृती छापताना व्हावा. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मिठाचा थर देऊन, तो दहा मिनिटे तापवून आणि आत स्टँड ठेवून मंद आचेवर केक उत्तम होतो. पाणी मात्र घालायचे नाही. आपल्या आया-मावश्यांनी असेच केक केले आहेत. ‘ओव्हनमध्ये भाजा’ या एका वाक्याने असंख्य वाचक त्या कृतीपासून दूर जातात.

आता आपणास विनंती. आपल्या पुरवणीतील गोड पदार्थांच्या प्रत्येक कृतीत साखर, गूळ, तूप, तेल आणि पीठ ग्रॅममध्ये द्यावे. ‘एक कप’ म्हणजे कोणाकडे चहाचा कप असतो, तर कोणाकडे २४० मिलिलीटरचा. तयार पदार्थाचे किती भाग होतात आणि एका भागात वरून घातलेली साखर किती येते, हे शेवटी एका ओळीत लिहावे. गूळ, मध किंवा खजूर वापरलेल्या पदार्थाला ‘साखरेविना’ असा मथळा देऊ नये. त्यात काय आहे, ते सरळ लिहावे. कृती ज्या आठवड्यात छापली जाते, त्या आठवड्यात नागपूर-अमरावतीच्या बाजारात मिळणारे फळ निवडावे. कृती पाठवणाऱ्या वाचकांनाही ही अट आधीच कळवली, तर त्या ती आनंदाने पाळतील, याची मला वर्गाच्या अनुभवावरून खात्री आहे. एखाद्या आहारतज्ज्ञाकडून अशा कृती छापण्यापूर्वी नजरेखालून घातल्या गेल्या, तर मधुमेही वाचकांचे हित साधेल.

शाळांमधूनही आता साखरेविषयी जागृती होऊ लागली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना मुलांच्या आहारातील साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले आहे. शाळेत तो फलक वाचून घरी आलेल्या मुलाने आईला केकमध्ये साखर किती असे विचारले, तर तिला उत्तर देता यावे, इतपत माहिती आपल्या पानावरच्या कृतीत असावी.

दिवाळीच्या पुरवणीची तयारी आपल्याकडे लवकरच सुरू होईल. त्यात हंगामी फळांच्या, वजनासह दिलेल्या निदान पाच-सहा कृती घ्याव्यात, अशी विनंती आहे. वरील संत्र्याच्या केकचे प्रमाण आपणास योग्य वाटल्यास ते छापण्यास माझी हरकत नाही, आणि पापुद्रा काढण्याची व साल किसण्याची पद्धत छायाचित्रांसह हवी असल्यास ती पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर